उत्तरं यांची, भाषांतर माझं

१९ ऑक्टोबर

लेकीने ही वही आणून दिली. म्हणाली, "आई, दुपारी काहीतरी लिहीत बस. नाहीतर तू माझ्या कपाटातले कपडे काढून पुन्हा घड्या घालत बसतेस." खोटं नाही ते. तिच्या घड्या मला बघवत नाहीत.

तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या तासांचं टाचण काढायचे. आता उद्या कोणाला काय शिकवणार? म्हणून झालेल्या दिवसाचंच टाचण काढते. वही पिठाच्या डब्यामागे ठेवायची ठरवली आहे. तिथे या घरात माझ्याशिवाय कोणाचा हात जात नाही.

या परक्या देशात येऊन सहा आठवडे झाले. चौथा मजला, तीन खोल्या, स्वयंपाकघर बैठकीतच. खिडक्या चार बोटं उघडतात, त्याहून जास्त नाही. मुलं पडू नयेत म्हणून म्हणे. मी काही मूल नाही, पण नियम सगळ्यांना एकच. आमची नात पावणेचार वर्षांची. घरभर फिरत असते म्हणून मी तिला भिंगरी म्हणते. तिला सांभाळायला माणूस हवं होतं, म्हणून लेक म्हणाली की आता कायमचेच या. तिकडच्या घराची किल्ली पुतण्याकडे दिली आणि आलो. तसंही तिकडे गेलं वर्षभर यांचं जरा... असो. हवापालट होईल.

२३ ऑक्टोबर

आज सकाळी नऊ वाजता घरातलं पाणी गेलं. जावई तोंडाला साबण लावून उभे, बिचारे डोळे मिटून हाका मारताहेत. लेक खालच्या मजल्यावर विचारून आली, सगळ्यांकडे पाणी आहे. शेवटी मी ओट्याखाली वाकून बघितलं तर मुख्य व्हॉल्व्ह बंद. हे शेजारीच उभे, हात पुसत. "नऊ वाजले," म्हणाले. "वेळ संपली. अगं, तू साठवलंस ना?"

हे पाणीपुरवठा खात्यात ओव्हरसियर होते. गावातल्या कोणत्या रस्त्याखालून किती इंची लाइन जाते, ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे. चौतीस वर्षं घड्याळ लावून पाणी सोडलं आणि घड्याळ लावून बंद केलं. हाताची सवय ती, एकदम थोडीच जाणार.

मी जावयांना सांगितलं की पुसताना माझ्याच हातून फिरला असेल. ते "असू दे आई" म्हणाले आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. साबणाने डोळे चुरचुरत असतील.

६ नोव्हेंबर

खालच्या रांगेतली झाडं आता निम्मी उघडी पडली आहेत. आपल्याकडे झाडं पानं गाळतात ती एकीकडे नवी फुटत असताना, कोणाच्या लक्षातही येत नाही. इथली सगळी मिळून एकदम हात वर करतात.

हे रोज सकाळी खिडकीशी उभे राहतात आणि म्हणतात की झाडं वाळली, कुठेतरी गळती आहे, मुळांना पाणी पोचत नाही. मी सांगते, अहो, थंडी येणार म्हणून पानं गळताहेत, वसंतात परत येतील. हे ऐकतात, पटतं, मान डोलावतात. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडं पुन्हा वाळलेली, गळती पुन्हा कुठेतरी. मला त्याचं काही नाही. एकच धडा चार तुकड्यांना शिकवलेली बाई आहे मी.

फक्त आज चौथ्यांदा सांगताना माझा आवाज चढला. भिंगरी चित्र काढता काढता थांबली. मला फार वाईट वाटलं.

२७ नोव्हेंबर

लेकीने यांची तपासणी ठरवली आहे, स्मरणशक्तीच्या डॉक्टरकडे. मी म्हटलं, वय झालं की माणूस विसरायचाच, मी नाही का चष्मा शोधत फिरत. ती म्हणाली, "आई, नुसतं बघून येऊ."

नुसतं बघायला गेलेल्यांचं काय होतं ते मला समोरच्या दारातल्या बाईंनी लिफ्टमध्ये सांगितलं आहे. त्यांच्या यजमानांना असंच नुसतं बघायला नेलं होतं. आता ते एका मोठ्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर असतात. त्या मजल्याच्या दाराला आतून कडी नाही. बाई दर रविवारी भेटायला जातात, दोन तास. पहिले काही रविवार बाई निघाल्या की ते आपला कोट मागायचे. आता मागत नाहीत, असं त्या म्हणाल्या, आणि तेही चांगलं झाल्यासारखं म्हणाल्या.

यांना तिथे ठेवलं तर नऊ वाजले, वेळ संपली, असं कोणाला सांगतील हे? पूर्वी ऑफिसात इंग्रजी फर्डं बोलायचे. हल्ली ते सुटत चाललं आहे, वापर नाही ना. तिथे मराठी कोणाला येणार? नाही. मी जिवंत असेपर्यंत यांना त्या मजल्यावर जाऊ देणार नाही. हे इथे लिहून ठेवते.

४ डिसेंबर

तपासणी झाली. जे केलं ते लिहिते, इथे तरी लपवाछपवी नको.

डॉक्टर पोरगेलीच होती, शांत, हसरी. लेक बाहेर भिंगरीला घेऊन बसली. दुभाषी कोण? अर्थात मी. डॉक्टर इंग्रजीत विचारणार, मी यांना मराठीत सांगणार, यांचं उत्तर इंग्रजीत डॉक्टरला द्यायचं.

पहिला प्रश्न, आज वार कोणता. हे म्हणाले, "का, सुट्टी आहे?" मी इंग्रजीत सांगितलं, गुरुवार. आधी ठरवलं नव्हतं, देवाशपथ. तोंडातून बाहेर पडलं आणि पडल्यावर मागे घेता येईना. महिना कोणता? हे म्हणाले, "मे. धरण तळाला गेलंय." मी सांगितलं, डिसेंबर. ऋतू? यांनी खिडकीबाहेर बघितलं. बारीक, गारठलेला पाऊस पडत होता. "पावसाळा," हे ठामपणे म्हणाले. आता यात चूक काय? पाऊस पडतोय तर पावसाळा. पण तपासणाऱ्याला हवं ते उत्तर लिहावं, हे मीच पोरांना सांगायचे. मी हिवाळा म्हणून सांगितलं.

मग तिने तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि पाच मिनिटांनी परत विचारले. हे मला हळूच म्हणाले, "कोण गं ही मुलगी? फार चौकशा करते." मी तिन्ही शब्द ओळीने म्हणून दाखवले. म्हणून झाल्यावर भान आलं की एखादा विसरायला हवा होता. कॉपी करणारी पोरं इथेच सापडतात. आयुष्यात कधी भोपळा मिळाला नाही असं उत्तर लिहून आणतात.

घड्याळ काढायला सांगितलं तेव्हा माझा नाइलाज झाला. यांनी बाराच्या बारा आकडे एका बाजूला दाटीवाटीने लिहिले. मी म्हटलं, चष्मा घरी राहिला हो. चष्मा माझ्या पर्समध्ये होता. डॉक्टर हसून म्हणाली की तुमची भाषा मोठी ऐसपैस दिसते, मिस्टर एवढं बोलतात आणि इंग्रजीत त्याचा एकच शब्द होतो. मीही हसले.

वयाच्या मानाने ठीक आहे, म्हणाली. सहा महिन्यांनी या. बाहेर आल्यावर लेकीने यांना मिठी मारली आणि रडायलाच लागली. "मी किती घाबरले होते बाबा." हे तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तिथेच सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

२० डिसेंबर

लेक जानेवारीपासून पूर्ण दिवसाची नोकरी धरणार. इतके दिवस अर्धा दिवस काम करून भिंगरीला बालवाडीतून तीच आणायची. आता ते काम आमच्याकडे. बालवाडीतून आम्हा दोघांना फोटो लावलेली कार्डं मिळाली आहेत, ती दाखवल्याशिवाय मूल देत नाहीत.

"बाबा ठीक आहेत म्हणूनच हे जमतंय," लेक म्हणाली. फार खूश आहे. चार वर्षांनी तिला मनासारखं काम मिळालं. मी काय बोलणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि दाबणारा हातही माझाच.

९ जानेवारी

बर्फ. पहिल्या दिवशी कौतुक वाटलं, भिंगरीने जीभ बाहेर काढून झेलला. आता रस्त्याच्या कडेला त्याचा काळा चिखल झाला आहे. चार वाजता अंधार. खिडकीच्या चार बोटांतून आत येते ती हवा नव्हे, सुई.

बालवाडीपर्यंत पाच मिनिटांचा रस्ता. मी यांचा हात धरून जाते, लोकांना वाटतं किती प्रेमळ जोडपं. घरी परत यायचं म्हटलं की हे विचारतात, "घरी म्हणजे आपल्या?" मी हो म्हणते. वर आल्यावर यांचा चेहरा उतरतो. मग तासाभराने पिशवी भरतात, त्यात एक सदरा, टॉवेल आणि भिंगरीची बाहुली, आणि दाराशी बसतात. मी पिशवी रिकामी करते. संध्याकाळी जावई विचारतात, "दिवस कसा गेला आई?" मी म्हणते, छान.

रात्रीची झोप पुरत नाही, पण ते सगळ्यांचंच असतं या वयात.

१७ जानेवारी

आज आंघोळीला गेले आणि दार आतून लावून टबच्या काठावर नुसती बसून राहिले. अर्धा तास. हे बाहेरून दार वाजवत होते, अगं, अगं. मी ओ दिली नाही. सांगायला गेलं तर यांना नेतील, नाही सांगितलं तर रोज हेच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मग उठले आणि दार उघडलं.

३० जानेवारी

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज क्रमाने लिहिते.

काल सकाळपासून मला ताप. उभं राहिलं की भिंत सरकायची. दुपारी अडीचला लेकीचा फोन आला, तिला म्हटलं मला आज जाता येईलसं वाटत नाही. ती म्हणाली, "मग बाबांना एकट्यांना पाठव ना. महिनाभर रोज जाताहेत, पाच मिनिटांचा तर रस्ता." इथे मी बोलायला हवं होतं. त्यांना पाठवता येणार नाही, एवढं एकच वाक्य. कर्ता, कर्म, क्रियापद. पण मग का, असं तिने विचारलं असतं, आणि त्या का-चं उत्तर मी डिसेंबरमध्येच गिळून बसले होते. मी स्वतःला समजावलं की डोक्याला नसला तरी पायांना रस्ता पाठ असतो.

यांना कोट घातला, टोपी घातली, कार्ड गळ्यात अडकवलं. दोनदा वदवून घेतलं. कुठे जायचं? पोरीला आणायला. कुठून? शाळेतून. खिडकीतून बघितलं, हे बरोबर वळणावर वळले. मला इतकं बरं वाटलं की पडल्या पडल्या डोळा लागला.

साडेतीनला बेल वाजली. दार उघडलं तर हे एकटेच. बूट चिखलाने माखलेले, चेहरा उजळलेला. असा चेहरा मी दोन वर्षांत बघितला नव्हता. "अगं, सहा इंची लाइन फुटली होती चौकात. ती माणसं भलतीकडेच खणत होती. मी दाखवलं तेव्हा सापडलं."

मी विचारलं, भिंगरी कुठे आहे?

"कोण?" हे म्हणाले.

यांना आत ढकलून दार ओढून घेतलं आणि तशीच सपातांवर जिने उतरले. चौकात खड्डा खणलेला, पंप चालू होता. कामगारांना विचारलं. एक म्हणाला, हो, म्हाताऱ्या गृहस्थांबरोबर एक लहान मुलगी होती, त्यांचा कोट ओढत होती. नंतर कुठे गेली ते नाही बघितलं. समोरचा मोठा रस्ता सहा पदरी आहे. त्यावरून ट्रक जात होते.

लेकीचा फोन तेव्हा आला. भिंगरी त्या रस्त्यापलीकडच्या औषधांच्या दुकानात होती. ती एकटी रस्ता ओलांडून गेली होती. दुकानातल्या बाईने दप्तरातला नंबर बघून लेकीला कळवलं. मी पोचले तेव्हा ती खुर्चीवर बसली होती, एका हातातला मोजा हरवलेला, बोटं पांढरी पडलेली. दुकानातली बाई तिची बोटं आपल्या हातात धरून बसली होती. मला बघून भिंगरी रडली नाही. म्हणाली, "आजोबांनी मला ओळखलं नाही. म्हणाले, बाळ, तू कोणाची? घरी जा."

१ फेब्रुवारी

सांगितलं. स्वयंपाकघराच्या टेबलाशी, लेक आणि जावई समोर. वार, महिना, तीन शब्द, चष्मा, सगळं. ओट्याखालचा व्हॉल्व्हसुद्धा.

जावई म्हणाले, "व्हॉल्व्हचं मला माहीत होतं आई." त्यांनी त्यानंतर तीनदा तो उघडला होता आणि मला कळू दिलं नव्हतं. मला वाटलं होतं की मी वेळेवर उठून उघडत होते म्हणून कोणाला कळत नव्हतं.

लेकीने समोरचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "वर्गात कॉपी पकडली की पोराला बाहेर उभं करायचीस तू." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मलाही शंका येत होती. पण डॉक्टर ठीक म्हणाली ना, मग मी विचारलंच नाही. मला ती नोकरी हवी होती." आणि टेबलावर डोकं ठेवून रडली. मी तिच्या केसांत हात घातला, तो तिने काढला नाही. हे आतून येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काय झालं? पाणी आलं नाही का?"

भिंगरीची बोटं ठीक आहेत. तिला तपासणारे डॉक्टर म्हणाले की अजून थोडा वेळ बाहेर राहिली असती तर अवघड होतं. मी ते वाक्य दिवसभर मनात घोळवते आहे.

१४ फेब्रुवारी

बाहेरच्या दाराला आता आकड्यांचं कुलूप आहे. चार आकडे. मला माहीत आहेत, यांना नाहीत. भिंगरी संध्याकाळी सहापर्यंत बालवाडीतच थांबते, जावई तिला आणतात. म्हणजे सकाळी आठ ते संध्याकाळी सहा घरात हे आणि मी.

हे दाराशी जातात, मूठ फिरवतात, माझ्याकडे बघतात. "उघड ना." मी म्हणते, जेवण झाल्यावर. जेवण झाल्यावर म्हणते, चहा झाल्यावर. मला आकडे माहीत आहेत त्याचा मला काय उपयोग? यांना सोडून जाता येत नाही आणि यांना घेऊन निसरड्यावर जायची मला भीती वाटते. परवा यांनी दुपारभर मूठ फिरवली. शेवटी मी यांच्या हातावर चापट मारली. आयुष्यात पहिल्यांदा. हे हात चोळत आत गेले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत शाळेतल्या पोरासारखे सरळ बसले.

समोरच्या दारातल्या बाई आज लिफ्टशी भेटल्या, कचरा टाकायला मी तेवढी निघते. मी त्यांना विचारलं की तुमच्या यजमानांना तिथे कसं वाटतं. त्या म्हणाल्या, "मला बरं वाटतं." मला त्यांचा राग यायला हवा होता.

२ मार्च

परवा पुन्हा तपासणी. लेकीने डॉक्टरला फोनवर सगळं सांगितलं आहे. मराठीचा दुभाषी त्यांना कुठे मिळाला नाही. डॉक्टर म्हणाली, तुमच्या आईंनाच येऊ दे, फक्त शब्दाला शब्द सांगा म्हणावं. मी तिच्या जागी असते तर असल्या बाईला पुन्हा परीक्षेला बसू दिलं नसतं.

लेकीने मला नीट समजावलं. औषधं मिळतील. पुढचं ठरेल ते यांना किती उमजतं त्यावर. घरातली माणसं, विशेषतः मी, यांना ओळखू येत असेन तर घरी मदतनीस पाठवतात, दिवसातून दोनदा. नसेन तर तो मजला. मी म्हटलं, मला तर ओळखतातच. दिवसभर अगं अगं चाललेलं असतं.

४ मार्च

झालं.

आज मी एकही शब्द बदलला नाही. वाराला हे म्हणाले, "तुम्हीच सांगा." मी तसंच सांगितलं. महिन्याला काही बोललेच नाहीत. तीन शब्दांपैकी एक सांगितला, तो मी दोनदा स्पष्ट उच्चारला, मनात म्हटलं एक तरी आला. चष्मा मी स्वतः यांच्या नाकावर ठेवला. घड्याळाच्या जागी यांनी एक उभी रेघ काढली आणि तिला आडव्या रेघा, आणि डॉक्टरला बोटाने दाखवत राहिले की इथून इथे वळते. लाइन होती ती. डॉक्टरने तो कागद जपून बाजूला ठेवला.

मग तिने माझ्याकडे हात करून विचारलं, या कोण आहेत? मी यांना विचारलं, मी कोण? हे हसले. "हे काय विचारणं झालं," म्हणाले. मी शब्दाला शब्द सांगितलं. तिने विचारलं, पत्नीचं नाव काय? मी विचारलं, "तुमच्या बायकोचं नाव काय, असं विचारताहेत." हे खुर्चीत ताठ झाले, ऑफिसात साहेबासमोर व्हायचे तसे.

"आमच्यात नावाने हाक मारायची पद्धत नाही," हे म्हणाले.

खरंच आहे. एकेचाळीस वर्षं यांनी मला अगं म्हटलं आणि मी यांना अहो. आमच्या दोघांच्या घरात तेच होतं, आईवडिलांचं, सासूसासऱ्यांचं. मी ते वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरने मान डोलावली, पेन उचललं. मी गप्प राहिले असते तर तिने तो मार्क दिला असता. परक्यांची पद्धत, कोण नाकारणार? आणि मी खोटंही बोलले नसते. पण तिने पेन टेकवण्याआधी मला विचारलं, "पण त्यांना ते माहीत आहे का? तुम्हाला काय वाटतं?"

मी यांच्याकडे बघितलं. हुशार मूल प्रश्न न कळल्यावर बाईंना गोड हसून दाखवतं, तसे हे हसत होते. मला भिंगरीची पांढरी बोटं दिसली. मी म्हटलं, नाही. माहीत नाही.

तिने लिहिलं. तीस वर्षांत शून्य देताना मी कधी दोनदा विचार केला नव्हता, पण दुसऱ्याच्या हाताने पडताना बघवलं नाही. मग तिने हळू आवाजात सांगितलं की ती यांचं नाव त्या मजल्याच्या यादीत घालते आहे. महिनाअखेरपर्यंत जागा होईल. माझ्या खांद्यावर हात ठेवला तिने. वयाने माझ्या लेकीपेक्षा लहान.

लेक गाडी आणायला गेली. मी आणि हे बाहेरच्या बाकाशी. मी कोट उघडून धरला तर हे एक पाऊल मागे सरले.

"राहू द्या बाई, मी घालतो," म्हणाले. "तुम्ही फार मदत केलीत. त्या आतल्या बाईंचं मला काही कळत नव्हतं. एक काम कराल का? आमच्या घरी निरोप द्या, मला आज उशीर होईल."

माझ्या हातात कोट तसाच राहिला. मी विचारलं, "कोणाला देऊ निरोप?"

यांनी इकडे तिकडे बघितलं. लाजल्यासारखे झाले. मग खाली वाकून, आवाज बारीक करून, माझं नाव सांगितलं. माझं माहेरचं नाव, माझ्या वडिलांच्या नावासकट. लग्नात सासूबाईंनी बदललं ते. त्यानंतर ते फक्त माझ्या शाळेच्या दाखल्यावर राहिलं. त्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. यांच्या तोंडून मी ते एकदाही ऐकलं नव्हतं. यांना ते लक्षात आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

दार उघडंच होतं. डॉक्टर आत अजून लिहीत होती. मी दोन पावलं गेले. सांगायचं, खोडा ते, यांना माहीत आहे. पण तिच्या कागदावर माझं सासरचं नाव आहे. आणि सांगणार कोण, तर मी. कॉपी करताना पकडलेल्या पोराने खरं उत्तर लिहिलं तरी मीसुद्धा कधी धरलं नव्हतं. मी परत फिरले.

"देते निरोप," म्हटलं. "काय सांगू तिला?"

यांनी सदऱ्याची बाही ओढून सरळ केली. मग म्हणाले, "तिला म्हणावं, जेवून घे. माझ्यासाठी थांबू नकोस."

मी बरं म्हटलं. मग यांनी कोटाची बटणं मला लावू दिली.